स्टिकरलाही औषध म्हणा

कांदा-सोयाबीनच्या खुरपणीला माणसे मिळेनाशी झाली, तशी नगरजवळच्या भिंगारच्या आसपासच्या शेतांत तणनाशके स्थिरावली आणि त्यांच्यासोबत एक छोटी बाटलीही आली. स्प्रेडर असो वा सिलिकॉन, सगळे तिला ‘स्टिकर’च म्हणतात. तिच्याबद्दल दोन ठाम मते आहेत. ती दुकानदाराने गळ्यात मारलेली वस्तू आहे, चिमूटभर निरमा तेच काम करतो, हे पहिले. दुसरे, त्यात विष नाही, मग चार थेंब जास्त पडले तर बिघडले कुठे? मतं परस्परविरोधी, पण चूक एकच: दोन्ही पक्ष स्टिकरला औषधाबाहेरची वस्तू समजतात.

पहिल्या मताचे खंडन पानावरच होते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, म्हणून लव्हाळ्याच्या तुकतुकीत, मेणचट पातीवर पडलेला थेंब गोल राहतो आणि ओघळतो. नेहमीचा स्प्रेडर हा ताण तीस-पस्तिसावर आणतो, सिलिकॉन विसाच्या जवळ. थेंब पसरतो आणि औषधाला आत शिरायला जागा व वेळ मिळतो. सोयाबीनमधल्या इमॅझेथापायरसोबत स्प्रेडर आणि अमोनियम सल्फेट घालण्याची शिफारस आहे, मक्यातले टेम्बोट्रायोन तर सोबतच्या सर्फॅक्टंटसह, म्हणजे पृष्ठताण उतरवणाऱ्या द्रव्यासह, वापरायचे असते. दुकानदाराचा फायदा होतो म्हणून हे रसायन खोटे ठरत नाही. निरम्याचे म्हणाल, तर तो पृष्ठताण उतरवतो हे खरे. पण कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडाही असतो, तो द्रावण अल्कधर्मी करतो, आणि पंपात फेस होऊन फवारा तुटतो. विहीर-बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम ग्लायफोसेट या तणनाशकाला बांधून ठेवते, ती अडचण निरम्याने सुटत नाही. ती अमोनियम सल्फेटने बरीच सुटते, तेही आधी पाण्यात विरघळवले तर.

दुसरे मत मला अधिक घातक वाटते, कारण ते उदार दिसते. नगर जिल्हा कांद्याचा. कांद्याची पात मेणाने झाकलेली असते आणि ऑक्सिफ्लोरफेनसारख्या तणनाशकापासून पिकाचा बचाव बऱ्याच अंशी तेच मेण करते. तिथे स्टिकर घातला की जो अडथळा तणावर पार करायचा होता तो पिकावरही पार होतो. पात भाजते, आणि दोष मात्र औषधाला किंवा हवेला दिला जातो. तणाच्या बाबतीतही जास्त म्हणजे चांगले असे नाही: प्रमाणाबाहेर सिलिकॉन पडले तर द्रावण पानावरून वाहून जाते, आणि काही गवतांवर सिलिकॉनमुळे ग्लायफोसेटचे शोषण उलट घटलेले आढळले आहे. ग्लायफोसेटच्या तयार द्रावणात सर्फॅक्टंट बहुधा आधीच असतो, हेही विसरले जाते. आणि निरुपद्रवीपणाचा दावा? ग्लायफोसेटमध्ये मिसळला जाणारा पॉलिएथॉक्सिलेटेड टॅलो अमाइन हा सर्फॅक्टंट मासे आणि बेडकांना खुद्द ग्लायफोसेटपेक्षा जास्त विषारी ठरला. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांतून तो हद्दपार केला. ओढ्यानाल्याकाठी पंप धुणाऱ्याने हे जाणून घ्यायलाच हवे.

म्हणून माझी मागणी सरळ आहे: स्टिकरला औषधाचा नियम लावा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तणनाशकाला नोंदणी लागते, सुट्या स्टिकरला तशी लागत नाही. घटक कोणता, किती टक्के, कोणत्या औषधासोबत घालायचा आणि कोणत्या पिकात मुळीच नाही, एवढे बाटलीवर मराठीत छापणे सक्तीचे करा. यावर आक्षेप येईल की लहान उत्पादक मोडतील, बाटली महागेल. पूर्ण विषचाचणीची अट घातली तर हा आक्षेप रास्त आहे. पण आपण बाटलीत काय भरले हे उत्पादकाला ठाऊकच असते; ते छापायला प्रयोगशाळा लागत नाही. उरतो प्रश्न पिकाचा, आणि त्यासाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. बाजारातले स्टिकर इथल्या जड पाण्यात, इथल्या कांद्यावर तपासून त्याचे निकाल पुढच्या रब्बीच्या लागवडीआधी दुकानांत लावता येतील.