कांदळवनाला कायदा, काळ्या मातीला काडी



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते कुणी विसरलेलं नाही. ज्या एल निनोच्या काळात आपण टँकरमागे धावत होतो, त्याच काळात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्राची पातळी उतरली आणि सात हजारांहून जास्त हेक्टर खारफुटी उभ्या उभ्या वाळली. खारफुटीखालच्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून तिथला पालापाचोळा शेकडो वर्षं कर्ब म्हणून साठून राहतो. झाडं मेली की नवी भर थांबते आणि जुना साठा हवेत नाहीतर लाटांबरोबर जाऊ लागतो.

आपल्याला कुठला आलाय समुद्र? पण साठा आपल्याकडेही आहे, पायाखाली. मृदा आरोग्य पत्रिका काढा, 'सेंद्रिय कर्ब' ही ओळ वाचा. आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर जमीन उपाशी आहे.

दुष्काळात पीकच नाही, तर मातीत मुळं आणि पाला पडणार कुठून? रानाला कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग पहिल्या पावसासरशी मातीतले निपचित जिवाणू जागे होतात, उरलासुरला कर्ब खातात आणि त्याचा वायू हवेत सोडतात. वर ढगफुटी! ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात, सप्टेंबरात मांजरा-तेरणेच्या काठी जे गढूळ लोंढे वाहिले, त्यांतून गेला तो रानाचा वरचा थर. सगळ्यात जास्त कर्ब त्याच थरात असतो.

पण नुसतं आभाळाला शिव्या देऊन भागणार नाही. फड तुटला की पाचट कोण पेटवतं? सोयाबीनच्या भुसकटाला काडी कोण लावतं? वीटभट्टीला माती कोण विकतं? आपणच.

आणि सरकार, न्यायालयं? कांदळवन, म्हणजे तीच खारफुटी, तोडणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठणकावलं. योग्यच झालं. आपल्या मातीसाठी असं कोण बोललं? ऑक्टोबर २०२५ मध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून तीन लाखांपर्यंतची कामं जाहीर झाली. पैसे हवेतच, ते उपकार नव्हेत. पण मुरूम उघडा पडला तरच जमीन खरडली म्हणायची का? चार बोटं माती गेलेलं रान कागदावर शाबूतच! पंचनाम्यात थराची जाडी आणि कर्ब मोजा. साखर कारखान्यांनी पाचट कुट्टीची यंत्रं भाड्याने नव्हे, फुकट द्यावीत. ऊस त्यांनाच जातो. तलावातला गाळ आधी खरडलेल्या रानात पडू द्या, मग बागायतदारांच्या.

येत्या ग्रामसभेत या तिन्ही मागण्यांचे ठराव लेखी मांडा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून पोच घ्या आणि तिची प्रत तहसीलला द्या. आणि यंदाचं पाचट सरीतच राहू द्या.