ययातीचा शाप, पुरूचे देणे
वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला (१९५९) १९७४ चे ज्ञानपीठ लाभले. तरीही शापाच्या आड उभ्या राहणाऱ्या त्याच्या नायकाविषयी माझी शंका फिटलेली नाही. नहुषाने ऋषीला लाथ मारली; शाप मात्र त्याच्या मुलांनाही भोवला. हा उघड अन्याय होय. पण त्याच शापाच्या छायेत यति वैराग्याकडे वळला आणि ययाति भोगाकडे. म्हणजे शापाने दुःख दिले असेल, वाट दाखविली नव्हती. पुढे शुक्राचार्यांच्या कोपाने आलेले वार्धक्य तर ययातीची स्वतःची कमाई! तेही त्याने पुरूच्या माथी मारले. स्वतःवरील अन्यायाची वसुली मुलाकडून करावी, हा कुठला हिशेब?

अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास येथे कर्ज आठवावे, हे ओघानेच आले. पितृऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर मुलावर दावा लावण्याची सोय हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरती, काढून टाकली. वारशाने आलेल्या मालमत्तेवरील बोजा मात्र सुटत नाही. आणि आमच्या सुलतानपुरात शेतकऱ्याच्या मुलाला वारसा मिळतो तो बहुधा शेताचाच. सातबाऱ्यावरचा बोजा त्या शेताबरोबरच येतो. पुरूला निदान विचारले तरी होते.