रिपो उघडी ठेवलीत, आता ती वापरण्याजोगी करा
गटाच्या सर्व सभासदांना, आणि मराठीतून मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सगळ्यांना जाहीर आवाहन

गेल्या आठवड्यात आपल्यातल्याच एकाच्या रेपॉझिटरीवर एका ग्रंथपाल बाईंनी प्रश्न विचारला. तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, हाताशी विंडोजचा जुना संगणक, आणि दाखल नोंदवही त्यावर घ्यायची इच्छा. बाईंनी झिप फाइल उतरवून उघडली. आत फायलींचा ढीग होता, पण दोनदा क्लिक केल्यावर चालू होईल असं त्यात काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी साध्या मराठीत विचारलं, “यातली कोणती फाइल उघडायची?” उत्तर इंग्रजीत आलं, तेही एका ओळीचं: आधी डिपेंडन्सी बसवा. पाठोपाठ इश्यू बंद.

सॉफ्टवेअर वाचनालयांसाठी लिहिलेलं आहे, तसं रीडमीच्या पहिल्याच ओळीत म्हटलंय. दुसरी ओळ नाहीच.

हा एकट्याचा प्रमाद असता तर फोनवर कान उपटून भागलं असतं. पण त्या संध्याकाळी आम्ही काहीजण गटातल्या सगळ्यांच्या रिपो चाळत बसलो, तेव्हा मान खाली गेली. किती तरी रीडमींत प्रकल्पाचं नाव सोडून काही नाही. स्क्रीनशॉट जवळजवळ कुठेच नाही. रिलीजच्या पानावर एक तर शुकशुकाट, नाही तर दोन वर्षांपूर्वीची बीटा. आणि लायसन्सची फाइल? ती न टाकणाऱ्यांत इन्स्टॉल फेस्टला माइक हातात घेऊन स्वातंत्र्यावर बोलणारेही निघाले. लायसन्स नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. गिटहबवर लोकांना तो कोड पाहता येतो, तिथल्या तिथे फोर्क करता येतो. वाचनालयात नेऊन वापरायची परवानगी तुम्ही कोणालाच दिलेली नाही.

हे दुखणं जगभरचं आहे म्हणून हात झटकणारे आहेतच, त्यांच्यासाठी आकडेही देतो. गिटहबने २०१७ साली साडेपाच हजार जणांची पाहणी केली. त्यातल्या ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा शिळ्या माहितीची तक्रार केली, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले की आम्ही माहिती लिहायच्या वाटेला क्वचितच जातो किंवा जातच नाही. तक्रार सगळ्यांची आहे, लिहायचं मात्र शेजाऱ्याने.

टेसरॅक्टचंच घ्या. जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पानं मजकुरात उतरवायची तर आपण सगळे त्याचंच नाव सांगतो. ह्युलेट-पॅकार्डमध्ये जन्मलेलं, २००५ साली खुलं झालेलं, पुढे गूगलने वाढवलेलं हे उत्तम काम आहे. पण एखादे निवृत्त शिक्षक तिथे गेले तर काय दिसतं? मराठीची फाइल तीन वेगवेगळ्या रिपोंत आहे: एक अचूकतेसाठी, एक वेगासाठी आणि आणखी एक. कोणती घ्यायची ते ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळतं. बरं, सगळं बसवलं तरी खिडकी उघडत नाही, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागते. आणि विंडोजची तयार सेटअप फाइल इतकी वर्षं कोणी पुरवली? जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने! मूळ प्रकल्पाने सोडून दिलेलं काम एका ग्रंथालयाने उचललं. ग्रंथपालांना एका ओळीत वाटेला लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअरसुद्धा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयांच्या गरजेतून उभं राहिलं. त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडणार नव्हती, म्हणून. आज आपल्याकडच्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ते चालतं, कारण त्याला धड पुस्तिका आहे. लहान वाचनालयाला त्याचा लिनक्स सर्व्हर झेपत नाही, आणि तिथेच आपल्या सभासदाचं सॉफ्टवेअर उपयोगी पडलं असतं.

नीट काम करणारे नाहीत असंही नाही. डेबियनच्या १९९७च्या सामाजिक करारात वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना प्राधान्य दिलेलं आहे, आणि ते वचन पाळलंही जातं: एखाद्या आज्ञावलीला मॅन्युअलचं पान नसेल तर त्यांच्याकडे तो बग धरतात. केरळातल्या स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंगवाल्यांनी फॉन्ट उतरवण्यासाठी वेगळं पान ठेवलंय. अक्षरं डोळ्यांनी पाहा, फाइल घ्या, चालू लागा. त्यांचा कोड न पाहताही त्यांचे फॉन्ट वापरता येतात. मलयाळमला जे जमलं ते मराठीला का जमू नये, याचं उत्तर मला तरी सापडत नाही.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थी मित्रांनो, रीडमीला हात तुम्हीही लावता, पण कशासाठी? २०२०च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टीशर्टपायी रीडमीत दोन कौतुकाचे शब्द चिकटवणाऱ्या पुल रिक्वेस्टचा असा लोंढा आला की आयोजकांना उपक्रम चालू असतानाच नियम बदलावे लागले. २०२४मध्ये एक्स्प्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रीडमीत स्वतःची नावं घुसडायचा सपाटा लागला, कारण शिकवणीच्या एका व्हिडिओत तसं करून दाखवलं होतं. त्यात भारतातले विद्यार्थी किती होते हे मेंटेनर लोक विसरलेले नाहीत, आणि आपली प्रामाणिक पुल रिक्वेस्टही ते आता संशयाने पाहतात.

आक्षेप ऐकलेत. “आम्ही फुकट करतो.” मान्य, मग तसं लिहा. सांभाळायला वेळ नसेल तर रिपो आर्काइव्ह करा, कोणी रागावणार नाही. “लायसन्समध्ये ‘जसं आहे तसं’ म्हटलंय.” ते कलम कोर्टासाठी आहे, उद्धटपणासाठी नाही. “एआयला विचारावं त्यांनी.” तो तुमचं रीडमी वाचूनच सांगणार, आणि ते रिकामं असेल तर मनाने ठोकून देणार. एकच मुद्दा खरा आहे, एकट्या मेंटेनरवरच्या ओझ्याचा. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरच्या थकलेल्या मेंटेनरवर २०२२मध्ये संशयास्पद खात्यांनी कसा दबाव आणला आणि त्यातून २०२४मध्ये मागचं दार कसं बसवलं गेलं ते आपण वाचलंय. पण त्यावर उपाय म्हणजे चार माणसांनी काम वाटून घेणं. वापरणाऱ्याला हुसकावून ओझं हलकं होत नाही, तोच प्रश्न उद्या दुसरा कोणी विचारतो.

तेव्हा या महिनाअखेरपर्यंत एवढं कराच. रीडमीच्या पहिल्या चार ओळींत हे काय आहे, कोणासाठी आहे, कशावर चालतं आणि कुठून उतरवायचं ते मराठीत लिहा. इंग्रजी खाली चालेल. एक स्क्रीनशॉट टाका. लायसन्सची फाइल आजच टाका, ती उद्यावर नको. तयार सेटअप रिलीजच्या पानावर ठेवा, आणि ती आपल्या लॅपटॉपवर बांधून हाताने चढवू नका. एक्सझेडमध्ये घात झाला तो रिलीजच्या फायलींत मूळ रिपोत नसलेला भाग घुसवूनच, म्हणून बांधणी सगळ्यांना दिसेल अशी स्वयंचलित ठेवा. काय चालत नाही तेही कबूल करा. प्रश्न मराठीत आला तर उत्तर मराठीत द्या, आणि विचारणाऱ्याचं काम झाल्याशिवाय इश्यू बंद करू नका.

कोड न येणाऱ्या सभासदांनो, तुम्ही आता मागच्या बाकावरून पुढे या. प्रत्येक रिपोला तुमच्यापैकी एक जोडीदार मिळेल. त्याने कोऱ्या संगणकावर, फक्त रीडमी वाचून, ते सॉफ्टवेअर बसवायचं. जिथे अडेल तिथे इश्यू टाकायचा. बाजूला बसलेल्या मेंटेनरने तोंड उघडायचं नाही. ज्या गटाने शाळाशाळांत पेनड्राइव्ह घेऊन लिनक्स बसवलं, त्याला एवढं जड जाऊ नये.

ग्रंथपाल बाईंचा इश्यू आम्ही पुन्हा उघडलाय. विंडोजची सेटअप फाइल बांधायला दोन हात हवेत. ज्याला पायथनचं पॅकेजिंग येतं त्याने आज रात्रीच त्या इश्यूखाली नाव नोंदवावं. बाकीच्यांनी रविवारी सकाळी नेहमीच्या जागी लॅपटॉप आणि चार्जर घेऊन यावं. चहा आहे, भाषणं नाहीत.