पंधरा सेकंदांसाठी

परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाबाहेर तोंडाला मास्क लावलेली, केस गेलेली लहान मुले आईचा हात धरून उभी दिसतात. त्यांतल्या अनेकांच्या छातीत किंवा दंडात बारीक नळी बसवलेली असते. तिचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. रोजच्या सुयांचा छळ तिच्यामुळे वाचतो. पण नळीच्या तोंडाशी जंतू बसला की तो थेट रक्तात उतरतो, आणि केमोने पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या पोराच्या अंगात त्याला अडवायला कोणी नसते.

हा संसर्ग पुष्कळ अंशी टळतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या शंभरावर अतिदक्षता विभागांनी (बहुतेक प्रौढांचे) हात धुणे, क्लोरहेक्झिडिनने त्वचा पुसणे, गरज संपताच नळी काढणे अशा साध्या गोष्टी नेमाने केल्या. दीड वर्षात संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

नळीचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासायचे, वाळू द्यायचे, मगच सिरिंज लावायची. रात्रपाळीला एकाच सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल तर हे पंधरा सेकंद तिने आणायचे कुठून? तिला दोष देऊन भागणार नाही. सरकारने पदे भरावीत, रुग्णालयांनी संसर्गाचे आकडे दर महिन्याला जाहीर करावेत.

घरी गेलेल्या मुलाला ताप चढला, नळीतून औषध सोडताच हुडहुडी भरली, तर ‘सकाळी बघू’ चालत नाही. तासाभरात अँटिबायोटिक शिरेत जायला हवे. ते रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावीही मिळाले पाहिजे.