गिलियडची यादवी

संहारानंतर उभ्या राहिलेल्या कल्पित राष्ट्राची कथा वाचताना समीक्षेचे लक्ष बहुधा दोन टोकांवर खिळते : ते राष्ट्र कोणत्या उत्पातातून जन्मले आणि अखेर कसे कोसळले. मधला काळ, म्हणजे राज्य सुरळीत चालले आहे असे जेव्हा दिसते तो काळ, ‘छळाचे चित्रण’ या एका सदराखाली टाकून दिला जातो. मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) आणि ‘द टेस्टामेंट्स’ (२०१९) या कादंबऱ्यांतील गिलियड या राष्ट्राच्या बाबतीत ही रीत विशेषच अपुरी पडते. गिलियडमधील दुफळी त्याच्या उदयानंतर बाहेरून आलेली नाही. ती उदयाच्या अटींतच आहे, आणि तिचे खरे क्षेत्र रणांगण नसून घर आहे.

उदयाची हकिगत अ‍ॅटवुड थोडक्यात, जवळजवळ उडत्या उल्लेखांतून सांगतात. किरणोत्सर्ग, विषारी कचरा आणि रोग यांमुळे अमेरिकेतील जननदर घसरलेला असतो. अशा वेळी ‘जेकबचे पुत्र’ म्हणवणारा गट राष्ट्राध्यक्षांची हत्या करतो, प्रतिनिधिगृहावर गोळीबार घडवतो आणि त्याचा दोष इस्लामी अतिरेक्यांवर टाकतो. राज्यघटना ‘तात्पुरती’ स्थगित होते. पैसा आधीच संगणकात गेलेला असल्यामुळे स्त्रियांची खाती एका दिवसात गोठवता येतात. इतिहासात कोठे ना कोठे घडून गेले नाही असे काहीही कादंबरीत घालायचे नाही, हा लेखिकेने स्वतःवर घातलेला निर्बंध प्रसिद्धच आहे. सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वसाहतीची सावली या राज्यावर आहे. केंब्रिजमधील विद्यापीठाच्या भिंतीवर येथे प्रेते टांगली जातात.

परंतु या राष्ट्राचा सगळा डोलारा ज्या एका कारणावर उभा आहे, ते कारण अपत्यजन्म हे होय. बायबलमधील राहेल आणि तिची दासी बिल्हा यांच्या कथेचा आधार घेऊन जननक्षम स्त्रिया सेनाधिकाऱ्यांच्या घरी दासी म्हणून नेमल्या जातात. येथेच पेच निर्माण होतो. अनेक अधिकारी वंध्य आहेत; पण पुरुष वंध्य असू शकतो हे कायद्याने मान्यच नाही. वांझ असेल ती स्त्रीच. परिणाम असा, की राज्याला हवे असलेले मूल राज्याचा कायदा मोडल्याशिवाय जन्माला येणे दुरापास्त. दासीला तपासणारा डॉक्टर तिला हळूच ‘मदत’ देऊ करतो. अधिकाऱ्याची पत्नी सेरीना जॉय स्वतः पुढाकार घेऊन दासीला मोटारचालक निककडे पाठवते. एकेकाळी स्त्रीने घरातच राहावे अशी व्याख्याने देणारी ही बाई आता स्वतःच्या शिकवणुकीत कोंडली गेली आहे, आणि घराला वारस मिळवून देण्यासाठी तिला घराचीच फसवणूक करावी लागते. तिचा पतीही निषिद्ध मासिके जपतो, दासीबरोबर चोरून शब्दांचा खेळ खेळतो. घरातील प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचे एक गुपित आहे. हेरांचे जाळे या घरांवर लक्ष ठेवते, पण ज्या गुपितांवर ते जगते ती राज्याच्याच कायद्याने निर्माण केलेली आहेत.

मराठीत गृहयुद्धाला ‘यादवी’ म्हणतात, आणि हा शब्द येथे केवळ पर्याय म्हणून वापरलेला नाही. मौसलपर्वातील विनाशाचा आरंभ एका खोट्या गर्भारपणापासून होतो. सांबाला स्त्रीवेष देऊन ‘हिला काय होईल’ असे ऋषींना विचारले जाते, आणि पोटी मुसळ येते. भारतीय युद्धातून वाचलेले हे कुल पुढे प्रभासक्षेत्री मद्याच्या भरात, सात्यकी आणि कृतवर्मा यांनी एकमेकांची जुनी युद्धकृत्ये उकरून काढल्यावर, एरका गवताच्या पात्यांनी आपसांत लढून संपते. दोन्ही संहितांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही जन्माविषयीचे असत्य आणि स्वकीयांनी स्वकीयांचा केलेला नाश यांची जी सांगड व्यासपरंपरेने घातली, ती मनाशी असणाऱ्या वाचकाला गिलियडमधील घर अधिक स्पष्ट दिसेल.

या दृष्टीने पाहता ‘द टेस्टामेंट्स’ ही उत्तरकथा काहीशी निराश करते. पूर्वायुष्यात न्यायाधीश असलेली आंट लिडिया वरिष्ठांच्या अपराधांची कागदपत्रे गुप्तपणे साठवते आणि ती कॅनडात पोचताच सत्ताधाऱ्यांत परस्परसंहार सुरू होतो. लिडियाची व्यक्तिरेखा समर्थ आहे. स्टेडियममधील छळानंतर तिने पत्करलेले सहकार्य हा त्या कादंबरीतील सर्वोत्तम भाग म्हणावा लागेल. मात्र घराघरांत मुरलेली कीड एका चतुर स्त्रीच्या कपाटात गोळा झाली, की राष्ट्राचे पतन हे कारस्थानाचे फळ ठरते. २०१९ चे बुकर पारितोषिक या कादंबरीला बर्नार्डिन एव्हारिस्टो यांच्या कादंबरीसह विभागून मिळाले. त्या गौरवाने हा आक्षेप बाधित होत नाही.

पहिल्या कादंबरीने हे पतन दाखवलेच नाही. तिच्या अखेरीस २१९५ सालच्या एका परिसंवादाचा वृत्तांत येतो. तो परिशिष्ट समजून वर्गात वगळला, तर कादंबरीचा निम्मा रोख निसटतो. गिलियड तेव्हा अभ्यासविषय झालेले आहे. प्राध्यापक पिएशोटो दासीने ध्वनिफितींवर नोंदवलेल्या निवेदनाची चर्चा करतात, तिच्या निवेदनाच्या शीर्षकावर अश्लील कोटी करतात, आणि सारी बुद्धी तिचा मालक नेमका कोण होता हे ठरवण्यात खर्च करतात. वॉटरफर्ड की जड, हा त्यांचा प्रश्न. वॉटरफर्ड असल्यास तो एका आरंभीच्या शुद्धीकरणात निषिद्ध साहित्य बाळगल्याच्या आणि आपल्या छत्राखाली राजद्रोही व्यक्तीला आश्रय दिल्याच्या आरोपाखाली मारला गेला, असे ते सांगतात. म्हणजे घरातील ती गुपितेच त्याच्या मुळावर आली. पण वक्त्याला तेथे थांबावेसे वाटत नाही. त्याच्या खाजगी संगणकातील वीसएक पाने मिळाली असती तर, अशी हळहळ मात्र त्यांना वाटते. जिचा आवाज तीसेक फितींत भरून राहिला आहे, तिचे खरे नाव त्यांना सापडलेले नाही. त्या फितींचा आज वाचला जाणारा क्रमही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अंदाजाने लावलेला आहे.