काही गेलं नाही, तरी घर फुटलंच

बंद फ्लॅटचा कडीकोयंडा तोडून ऐवज लंपास, अशी बातमी वाचताना आपली नजर आधी तोळ्यांवर जाते. कायद्याची नजर दारावर असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे, तर घरफोडी तिच्यापासून दूर, गृहअतिक्रमणाच्या ३२९ ते ३३१ या कलमांत. ही मांडणी १८६० च्या दंड संहितेपासून चालत आली आहे आणि ती शहाणपणाची आहे. आधी अपराध घराचा, मग डब्यातल्या दागिन्यांचा.

म्हणून गुन्ह्याला काही फुटावंच लागतं असं नाही. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली, तिने दार उघडून कोणी चोरीसाठी आत शिरला, की झाली घरफोडी. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी झाली. उलट सताड उघड्या दारातून शिरून पाकीट उचललं, तर ती घरातली चोरी. तिला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीच्या हेतूने रात्री केलेल्या घरफोडीला मात्र चौदा वर्षांपर्यंत, दिवसा केलेल्या घरफोडीला दहा. चोरी साधलीच पाहिजे, अशी अट इथे नाही, हेतू पुरतो. (रात्र म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय. नवराबायको दोघं नोकरीवर आणि फ्लॅट भरदुपारी फुटतो, त्या शहरांत हे घड्याळ मला जुनाट वाटतं.)

प्रत्यक्षात काय होतं? कपाट उचकटलेलं, कपडे जमिनीवर, हाती काही न लागल्याने चोर पसार. शेजारी म्हणतात, "सुटलात." ठाण्यात विचारतात, "गेलं काय?" किरकोळ काही गेलं असेल, तर अदखलपात्र नोंदीवर बोळवण होऊ शकते, कारण पाच हजारांहून कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. घरफोडी तशी नाही. ती दखलपात्रच, माल पाच रुपयांचा असो वा शून्याचा.

तेव्हा काहीच गेलं नसलं तरी फिर्याद द्या. दार कसं उघडलं गेलं ते त्यात आधी लिहा, यादी नंतर. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्या आणि तिच्यात कलम ३३१ लावलंय का, ते ठाण्यातून निघण्याआधी वाचा.