वाहून आलेलं घरी नेऊ नका

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला, दर्याला उधाण आलं, की आपल्या किनाऱ्याला काय लागेल याचा नेम नसतो. ओंडके येतात, जाळ्यांचे बोये येतात, डांबराचे गोळे येतात. त्याचं आता कोणाला नवल नाही. पण कधी कधी लाटा असं काही आणून टाकतात, की सारा गाव बुचकळ्यात पडतो.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं! १९९३ साली शेखाडीला उतरलेलं आरडीएक्स रायगडकर विसरलेले नाहीत. साहजिकच सगळे हादरले. तपासाअंती कळलं, की इंजिन बिघडल्याने मस्कतच्या बाजूला सोडून दिलेली ती 'लेडी हान' नावाची नौका होती आणि वाहत इकडे आली होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, दापोली तालुक्यात कर्दे-लाडघरच्या पुळणीवर पाकिटं सापडू लागली. उघडून बघितली तर चरस!

तिसरा मोह व्हेलच्या उलटीचा. मेणासारखा गोळा दिसला की नशीब उघडलं असं काहींना वाटतं. पण वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे. गिऱ्हाईक शोधायला गेलेला थेट कोठडीतच पोहोचतो.

तेव्हा वाचकहो, अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नका, उघडू नका, पोरांना लांब ठेवा. पोलीस पाटलाला सांगा, नाहीतर सागरी पोलिसांच्या १०९३ वर फोन करा.

हे झालं आपलं काम. आता सरकारदरबारी दोन शब्द. खबर देणाऱ्याला काय मिळतं? जबाब, पंचनामा, पुन्हा जबाब. हातावर पोट असलेल्या माणसाचे दिवस त्यात बुडतात. वर शेजारी संशयाने बघतात, ते वेगळंच. मग तो मनाशी ठरवतो, पुन्हा काही दिसलं तर बघितलंच नाही म्हणायचं. किनाऱ्याच्या सुरक्षिततेला याहून मोठा धोका नाही. गस्तीच्या बोटी दिवसभर कितीही फिरल्या, तरी पहाटे पुळणीवर पहिलं पाऊल पडतं ते कोळ्याचंच. त्याचा जबाब एकदाच आणि त्याच्या गावातच घ्या, नाव गुप्त ठेवा, बुडालेली मजुरी द्या. तो रखवालदार बिनपगारी आहे. निदान त्याला आरोपीसारखं तरी वागवू नका.